गाल्वेझला तारणहार म्हणणाऱ्यांसाठी

पैलतीर: काल इथे कुणीतरी लिहिलं, 'बर्नार्डो द गाल्वेझ नसता तर अमेरिका स्वतंत्रच झाली नसती, आणि इतका दयाळू वसाहती गव्हर्नर दुसरा झाला नाही.' रात्री झोप लागेना, म्हणून सविस्तर लिहितोय. गाल्वेझ म्हणजे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातला स्पेनच्या लुईझियाना वसाहतीचा गव्हर्नर. फ्लोरिडातल्या पेन्साकोला या ब्रिटिशांच्या बंदरावर त्याने धाडस केलं, मान्य. १८ मार्च १७८१ ला स्पॅनिश आरमाराचे अधिकारी खाडीत शिरेनात, तेव्हा हा ब्रिटिश तोफांखालून आपलं छोटं जहाज घेऊन आत गेला. राजाने मानचिन्हावर 'मी एकटा' हे शब्द दिले. पण लढला कुणासाठी? १७८३ च्या तहात फ्लोरिडा स्पेनला मिळालं, आणि पुढच्याच वर्षी स्पेनने अमेरिकनांना मिसिसिपीतली वाहतूक बंद केली!

ह्यूस्टनकर: पेन्साकोलावर थांबू नका. १७७९ मध्ये मँशॅक, बॅटन रूज, नॅचेझ. १७८० मध्ये मोबील. मिसिसिपीकाठचे ब्रिटिश त्याने उखडले. २०१४ मध्ये अमेरिकेने त्याला मरणोत्तर मानद नागरिकत्व दिलं, ते उगाच? भारतातून पाहुणे आले की आम्ही त्यांना इथल्या, टेक्सासमधल्या, गॅल्व्हेस्टनच्या किनाऱ्यावर नेतो. १९ वर्षांत एकानेही विचारलं नाही की हे नाव कुणाचं. मुलीच्या इतिहासाच्या पुस्तकात अमेरिकनांच्या बाजूने लढलेला फ्रेंच सेनानी लाफायेत होता, हा नव्हता. मला ते लागतं.

वैनगंगा: 'एकटा' कसला? त्याच्या फौजेत न्यू ऑर्लिन्सचे स्वतंत्र कृष्णवर्णीय होते, मूलनिवासी होते. आणि दयाळू म्हणता, तर मेक्सिकोचा व्हाइसरॉय झाल्यावर १७८६ मध्ये त्याने उत्तर सरहद्दीवरच्या अपाची या मूलनिवासींबद्दल काढलेल्या सूचना वाचा. त्यांना दारूची सवय लावा. लवकर नादुरुस्त होतील अशा बंदुका द्या, म्हणजे धनुष्यबाण विसरतील आणि दुरुस्तीला आपल्याकडेच येतील.

ह्यूस्टनकर: विषय स्वातंत्र्ययुद्धाचा आहे. प्रत्येक धाग्यात दारू आणलीच पाहिजे का?

वैनगंगा: हो, आणणार! आमच्या गावात माझे काका उधारीच्या दारूपायी दोन एकर धान गमावून बसले. दुकानदार गोड बोलायचा, घरी येऊन बसायचा. काकू शेवटपर्यंत त्याला भला माणूस म्हणत होती. त्या सूचना वाचताना मला तोच दिसला.

पैलतीर: काकांचं वाईट वाटलं. पण दुकानदार आणि व्हाइसरॉय एका मापाने मोजता येणार नाहीत. तरुणपणी गाल्वेझ उत्तर मेक्सिकोतल्या चिवावाच्या सरहद्दीवर अपाचींशी लढला, जखमी झाला. नुसत्या लढाईने भागत नाही हे त्याला कळलं होतं.

वैनगंगा: म्हणजे कळून सवरून केलं. ते जास्त वाईट.

दक्षिणवारा: १७८५-८६ चा मेक्सिकोतला दुष्काळ कुणीच काढला नाही. मका थंडीने गेला, माणसं अन्नावाचून मेली. त्याने पदरचे पैसे घातले, धान्य आणवलं. ३० नोव्हेंबर १७८६ ला चाळिशीतच वारला, तेव्हा मेक्सिको सिटी हळहळली.

वैनगंगा: दुष्काळात तो लोकांच्या मदतीला धावला, हे मान्य करते. सूचनांचं वर्षही तेच होतं, हे तुम्ही मान्य करा.

ह्यूस्टनकर: करतो. तरी पुढच्या वेळी पाहुण्यांना त्याची गोष्ट सांगणारच.

वैनगंगा: सांगा. बंदुकांचीही सांगा.