पेजमेकरला सरावलेल्या बोटांनी इनडिझाइनचे शॉर्टकट कसे शिकावेत?

परभणी_डीटीपी
नमस्कार. परभणीतील एका छापखान्यात मी अठरा वर्षे पेजमेकर या पाने मांडण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरवर पाने लावली. गेल्या महिन्यापासून सगळे काम इनडिझाइन या त्याच कामाच्या नव्या सॉफ्टवेअरवर आले आहे. कंट्रोल-डी दाबल्यावर मजकूर वा चित्र आणण्याची खिडकी पूर्वीप्रमाणेच उघडते, म्हणून फारसे अडणार नाही असे वाटले होते. परंतु मजकूर तपासण्यासाठी सवयीने कंट्रोल-ई दाबले, की स्टोरी एडिटरऐवजी, म्हणजे नुसता मजकूर दाखवणाऱ्या खिडकीऐवजी, एक्सपोर्टची खिडकी समोर येते. सध्या हरिनाम सप्ताहाच्या पत्रिकांची गर्दी असल्याने प्रत्येक वेळी मेनू धुंडाळणे परवडत नाही. जुने शॉर्टकट परत मिळवता येतात का?

लातूरकर
मिळवता येतात. एडिट मेनूतील कीबोर्ड शॉर्टकट्समध्ये पेजमेकर ७.० च्या शॉर्टकटचा संच तयारच असतो. तरीही तो घेऊ नये, असे माझे मत आहे. पेजमेकरची ती शेवटची आवृत्ती २००१ सालची. उद्या दुसऱ्या छापखान्यातील संगणकावर बसलात, तर हात पुन्हा अडखळतील. स्टोरी एडिटर येथे कंट्रोल-वायवर आहे, आठवडाभरात सवय होते. अगदीच नको असलेले एखाददुसरे बटण बदलायचे झाल्यास नवा संच करून त्यात बदला. ते बटण आधी कोणत्या कामाला दिलेले आहे, हे तेथेच दिसते. ‘शो सेट’ दाबल्यास संपूर्ण यादी मजकूर-फाइल म्हणून उघडते. मी ती छापून भिंतीवर चिकटवली होती. तिच्यातले निम्मे कधीच लागले नाही, हा भाग वेगळा.

बीडचा_मुद्रक
खिडक्या लवकर उघडल्याने वाचणारा वेळ थोडाच असतो. सप्ताहाच्या पत्रिकेत तिथी, कीर्तनकारांचे नाव, गाव आणि अन्नदाते हीच रचना सात दिवस फिरून येते. या प्रत्येकासाठी पॅराग्राफ स्टाइल (परिच्छेदाच्या रूपाची साठवलेली मांडणी) करून तिला कंट्रोलसह नंबर पॅडवरचा एकेक आकडा दिला, तर कर्सर ओळीत ठेवून आकडा दाबताच टंक, आकार आणि ओळींमधील अंतर एकदमच बसते. वरच्या रांगेतील आकडे येथे चालत नाहीत.

परभणी_डीटीपी
दोघांचेही आभार. आणखी एक अडचण आहे. पान छापल्यावर कसे दिसेल हे पाहण्यासाठी डब्ल्यू दाबले, तर इनस्क्रिप्ट हा मराठी कळफलक चालू असल्यामुळे मजकुरातच दोन मात्रा उमटतात. काल अशी एक मात्रा थेट छपाईच्या प्लेटपर्यंत गेली.

लातूरकर
कर्सर मजकुरात असेपर्यंत एकाक्षरी शॉर्टकट अक्षरच उमटवतात. कळफलक इंग्रजी असता, तर डब्ल्यू उमटला असता. आधी एस्केप दाबून मजकुरातून बाहेर यावे, विंडोज-स्पेसने कळफलक इंग्रजी करावा आणि मग डब्ल्यू दाबावे.

परभणी_डीटीपी
एस्केपने काम झाले. स्टाइलचे आकडे मात्र आमच्या लॅपटॉपवर लागत नाहीत.

बीडचा_मुद्रक
नंबर पॅड असेल तर नम लॉक चालू आहे का ते पाहा. नसेल, तर यूएसबीचा सुटा नंबर पॅड जोडा.