अनुभव धागा : पीएचडी एकाची, बिऱ्हाड सगळ्यांचं

धागाकर्ती

येत्या ऑगस्टमध्ये आम्ही तिघं मिनेसोटातल्या मिनियापोलिसला जातोय. पीएचडी माझी. नवरा नोकरी सोडून एफ-टूवर, म्हणजे विद्यार्थ्याच्या जोडीदाराला आणि मुलांना मिळणाऱ्या व्हिसावर, येतोय, लेक चार वर्षांची आहे. आय-ट्वेंटी (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद), लसीकरणाचे कागद, प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा, सगळ्याच्या याद्या तयार आहेत आणि याद्या देणारेही घरात चिक्कार आहेत. पण तिथे पोचल्यावर घर लागायला किती दिवस जातात, हे कुणी सांगत नाही. शिकणाऱ्याला डिपार्टमेंट मिळतं, ओळखी मिळतात. घरी राहणाऱ्याचं काय होतं? पोरांचं? अमेरिकेत शिकायला बिऱ्हाडासकट गेलेल्यांनी लिहा. फजितीही चालेल. नावं नकोत, गाव आणि साल पुरे.

अर्बाना, इलिनॉय, २०११

मी ती 'घरी राहणारी', म्हणून मीच सुरुवात करते.

ऑर्चर्ड डाउन्स ही विद्यापीठाची कुटुंबवाल्यांची वसाहत, तिथे आम्हाला जागा मिळाली होती. मुलगा दहा महिन्यांचा. सप्टेंबर नुकताच लागलेला. नवरा लॅबमध्ये, मी मुलाला भरवत होते, आणि युद्धाच्या सिनेमात वाजतो तसा भोंगा सुरू झाला. टोर्नेडो आला की घरातल्या आतल्या, बिनखिडकीच्या जागी जायचं, एवढं ओरिएंटेशनच्या कागदावर वाचलं होतं. आमच्याकडे अशी जागा एकच, बाथरूम. पोराला घेऊन टबमध्ये बसले, दोघांवर रजई ओढली, हातात खिचडीची वाटी तशीच. नवऱ्याला फोन लावला तर त्याचा फोन टेबलावर आणि तो तळघरातल्या कुठल्याशा मशिनपाशी. थोड्या वेळाने भोंगा थांबला. मी काही बाहेर आले नाही. भोंगा थांबला म्हणजे आता वादळ आलं, असा माझा हिशोब.

अर्ध्या तासाने दार वाजलं. शेजारच्या कोरियन आजी, लेकीकडे नातू सांभाळायला आलेल्या. पोराचं रडणं भिंतीपलीकडे गेलं असणार. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला कोरियन येत नव्हतं, आणि माझ्या केसांत खिचडी. त्यांनी मनगट धरून मला आपल्या घरी नेलं आणि फ्रिजवरचं कॅलेंडर दाखवलं. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारावर लाल पेनाने गोल, गोलात १० चा आकडा. इलिनॉयमध्ये त्या वेळी भोंग्याची नुसती चाचणी असते. आजींनी कानाशी बोट फिरवलं, मग कप तोंडाला लावल्याची खूण केली. वाजू दे, तू चहा पी.

तेव्हा एफ-टूवर असलेल्याला पदवीच्या अभ्यासक्रमाला बसता येत नसे. अर्धवेळ शिकायची मुभा २०१५ मध्ये आली. नोकरी करायची परवानगी तर आजही नाही. सकाळी अकराला खेळायच्या मैदानाशेजारच्या बाकावर आम्ही तिघी असायचो : एक दंतवैद्य, एक वकील आणि बँकेत सहा वर्षं काढलेली मी. तिघी मिळून झोपाळा ढकलत होतो. तुमच्या नवऱ्याला हे आधीच नीट सांगा. त्रास कामाचा नसतो, 'तुम्ही काय करता?' या प्रश्नाचा असतो.

मिनेसोटात बारा वर्षं

भोंगा तुमच्याकडे महिन्याच्या पहिल्या बुधवारी, दुपारी १ वाजता. लिहून ठेवा.

ऑस्टिन, २०१६

आमची फजिती. पहिल्या शनिवारी बायकोने आणि मी उत्साहात घर धुवायला काढलं. बाथरूमच्या फरशीवर दोन बादल्या पाणी ओतलं, खराटा नव्हता म्हणून झाडूनेच घासलं, आणि मग पाणी लोटायला मोरी शोधू लागलो. मोरी नाहीच! टबच्या बाहेर जमिनीला भोक नसतं, हे दोघा इंजिनियरांना तोवर दिसलं नव्हतं. टॉवेलने टिपेपर्यंत खालच्या मजल्यावरचा मुलगा वर आला. त्याच्या छतावर नकाशा उमटला होता. डिपॉझिटमधून पैसे कापले गेले ते वेगळेच.

अवांतर : शेगडीवरचा पंखा हवा बाहेर टाकतोच असं नाही. बऱ्याच भाड्याच्या घरांत तो जाळीतून ओढतो आणि परत तुमच्याच तोंडावर सोडतो. फोडणी देण्याआधी खिडकी उघडा, नाहीतर स्मोक अलार्म बोंबलतो आणि झोपवलेलं मूल उठतं.

मॅडिसन, विस्कॉन्सिन, २०१७

आमच्याकडे बायको पीएचडीला, मी एफ-टू, मुलगी तीन वर्षांची. पहिल्या वर्षी घाईत बाहेरचं घर घेतलं. पुढच्या ऑगस्टात कळलं की या गावातले खूपसे भाडेकरार १४ तारखेला संपतात आणि नवे १५ ला सुरू होतात. मधली रात्र तुमची तुम्ही बघा. आम्ही ती भाड्याच्या ट्रकमध्ये काढली. मुलीला आजही ती सहल वाटते.

त्या दोन दिवसांत सगळं गाव आपलं सामान फुटपाथवर आणून ठेवतं. त्याला तिथे हिप्पी ख्रिसमस म्हणतात. आमचं जेवणाचं टेबल, दोन दिवे, मुलीची उंच खुर्ची आणि बायकोने जिच्यावर बसून अख्खा प्रबंध लिहिला ती खुर्ची, सगळं फुटपाथचं. नियम एकच : गादी आणि सोफा कितीही चांगला दिसो, हात लावायचा नाही. ढेकूण झाले तर सगळं घर उपसावं लागतं. लाकूड आणि लोखंड उचला, कापड सोडा.

दुसऱ्या वर्षी ईगल हाइट्समध्ये नंबर लागला. मेंडोटा तळ्याकाठची विद्यापीठाची वसाहत. तिथे १९६२ पासून रहिवाशांच्या बागा आहेत, थोडं भाडं भरलं की जमिनीचा तुकडा मिळतो. मी शहरात वाढलेला माणूस, कोथिंबीर जुडीतच उगवते अशी समजूत. एका चिनी आजोबांनी वाफे कसे काढायचे ते दाखवलं. मेथी आली, भेंडी बोटभर होऊन थांबली, टोमॅटो मात्र वाटून संपेनात. ऑक्टोबरात एका रात्रीच्या थंडीने सगळं काळं पडलं, तेव्हा मी वाफ्यापाशी बराच वेळ उभा होतो, हे बायकोला अजून सांगितलेलं नाही.

सासऱ्यांना गावाकडे लोक विचारायचे, जावई सध्या काय करतात? पहिलं वर्ष ते विषय बदलत. दुसऱ्या वर्षी म्हणाले, 'शेती.' त्यानंतर कुणी पुढे विचारलं नाही.

गाव सांगत नाही, २०१५

पैशाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आम्ही ऑगस्टच्या दहा तारखेला उतरलो. पहिलं मानधन सप्टेंबरअखेर. मधल्या सात आठवड्यांत पहिलं भाडं, डिपॉझिट, विजेचं कनेक्शन, बाळाची कार सीट, सगळं खिशातून. क्रेडिटचा इतिहास नाही म्हणून डिपॉझिटही जास्त. प्रवेशाच्या पत्रावर वर्षाचा आकडा लिहिलेला असतो, तो नऊ महिन्यांत वाटून मिळणार आहे की बारा, हे आधीच विचारा. आमचा नऊ महिन्यांचा होता. पुढच्या उन्हाळ्यात कळलं.

दुसरं, विमा. माझा विद्यापीठाने भरला, बायको-मुलाचा हप्ता आमचा आम्ही. मुलाला रात्री १०२ ताप आला आणि आम्ही घाबरून थेट इमर्जन्सीला नेलं. तिथे तीन तास बसवलं, तापाचं औषध दिलं, घरी पाठवलं. बिल दोन महिन्यांनी आलं, तेही तीन वेगवेगळ्या पाकिटांत. नंतर कुणीतरी दाखवलं की विम्याच्या कार्डाच्या मागे नर्सचा चोवीस तासांचा नंबर छापलेला आहे. तान्हं बाळ असेल किंवा श्वास लागत असेल तर अर्थातच पळा. एरवी आधी तो नंबर फिरवा.

आणि कपडे धुवायच्या मशिनला क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरची नाणी, लागतात. बँकेत दहा डॉलरची पुंगळी मिळते, ४० नाणी. आमच्या घरी ती पुंगळी देव्हाऱ्यात असायची. दुसरीकडे कुठे ठेवली की मुलगा खेळायला घ्यायचा.

ॲन आर्बर, मिशिगन, २०१९

शाळेबद्दल. पाच वर्षं पूर्ण झाली की सरकारी शाळेत किंडरगार्टन, फी नाही, शाळा पत्त्यावरून ठरते. म्हणून घर बघताना शाळा आधी बघा.

नाव घालताना घरी कोणती भाषा बोलता, असा एक कागद भरून घेतात. नवऱ्याने 'इंग्लिश' लिहिलं होतं. त्याला वाटलं, मुलाला मागच्या बाकावर बसवतील. मी खोडून 'मराठी' केलं. त्यावरून आमचं शाळेच्या पार्किंगमध्ये जोरदार भांडण झालं. तो कागद खरं तर मुलाला इंग्रजीची जास्तीची शिकवणी लागेल का, एवढंच बघायला असतो. मुलाची चाचणी झाली, आठवड्यातून काही तास वेगळ्या बाई मिळाल्या. बाई फार गोड होत्या.

तरी पोरगा वर्गात अडीच महिने एक शब्द बोलला नाही. घरी अखंड बडबड, शाळेत मुका. मी रोज पिवळ्या बसच्या थांब्यावर उभी राहून त्याच्या चेहऱ्यावरून दिवस कसा गेला ते ओळखायचा प्रयत्न करायची. नोव्हेंबरात पालकसभेला बाई म्हणाल्या, तो बोलतो की! वर्गात माशाची टाकी आहे, सकाळी दप्तर ठेवलं की तो माशाशी बोलतो, फक्त आम्हाला कळत नाही. त्यांनी एक शब्द कागदावर जसा ऐकला तसा लिहून ठेवला होता, अर्थ विचारायला. मी दोनदा वाचला तेव्हा उलगडला : 'जेवलास का?'

स्टिलवॉटर, ओक्लाहोमा, १९९२

तुमचे अनुभव वाचून मजा वाटली. आमच्या वेळी यजमान एमएसला, पदरात एक वर्षाची मुलगी. निळ्या एरोग्रामवर पत्र लिहायचं आणि उत्तराची वाट बघायची. तोवर विचारलेलं आपणच विसरलेलो असायचो. फोन महाग, म्हणून बोलायच्या गोष्टी आधी कागदावर उतरवून ठेवायच्या, आणि फोन लागला की दोन्हीकडचे रडायचे. कागद राहायचा बाजूला.

मुलीचं बोलणं मी कॅसेटवर भरायची. कुणी भारतात निघालं की त्याच्या हातात कॅसेट. एका कॅसेटमध्ये ती भातुकली खेळताना कुकरच्या शिट्ट्या तोंडाने काढते आहे. आमच्या सासूबाईंनी ती सगळ्या वाड्याला ऐकवली होती. त्या गेल्यावर कपाटात सापडली. वाजवायला यंत्र मात्र आता कुणाकडे नाही.

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया, २०१४

गावाचं नावच 'स्टेट कॉलेज', त्यामुळे पत्ता सांगितला की नातेवाईक म्हणायचे, कॉलेज कळलं, गाव सांगा.

एफ-टूवाल्यांसाठी दोन सरकारी गमती. एक, मला गाडीचं लायसन्स हवं होतं. तिथे सोशल सिक्युरिटी नंबर मागतात, आणि एफ-टूला तो मिळत नाही. मग सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात जाऊन 'हिला नंबर देता येत नाही' असं पत्र घ्यायचं आणि ते लायसन्सला जोडायचं. आयुष्यात पहिल्यांदा नकाराचं पत्र प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलं. गाडी शिकले लाखाहून जास्त माणसं बसणाऱ्या फुटबॉल स्टेडियमच्या पार्किंगमध्ये. आडवारी तिथे चिटपाखरू नसतं. मॅचच्या शनिवारी मात्र किराणाही आदल्या दिवशी आणून ठेवायचा.

दोन, कर. पैसा न कमावणाऱ्या एफ-टूनेही, अगदी पाळण्यातल्या पोरानेही, फॉर्म ८८४३ भरायचा असतो. लेकीच्या वतीने सही करताना नवरा इतका गंभीर झाला होता की मी फोटो काढून ठेवला. आणि मानधनावर विवरणपत्र भरताना, भारतीय विद्यार्थ्यांना भारत-अमेरिका करकरारामुळे स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून ठरावीक वजावट, घेता येतं, ते विसरू नका.

परत आलेली, २०१८

सगळ्यांचं जमतं असं नाही, म्हणून लिहितेय. मी दहा महिने राहिले आणि मुलाला घेऊन परत आले. भांडण नव्हतं, आजारपण नव्हतं. हिवाळ्यात साडेचारला अंधार पडायचा आणि नवरा साडेआठला यायचा. मधले चार तास मला पेलेनात. इथे माझी नोकरी होती, ती परत मिळाली. नवऱ्याने पुढची तीन वर्षं एकट्याने काढून पदवी घेतली. लोक अजून 'तडजोड करायला हवी होतीस' म्हणतात. आम्ही दोघं म्हणत नाही.

धागाकर्ती

पोचलो. सोळा दिवस झाले. हवेची गादी पहाटे तीनपर्यंत टिकते, मग तिघं जमिनीला टेकतो. मोरी नाही, हे लेकीने पहिल्याच दिवशी हेरलं. मानधन नऊ महिन्यांचंच निघालं, मी विचारलं म्हणून कळलं.

'परत आलेली', तुमचं लिहिणं नवऱ्याने दोनदा वाचलं. संध्याकाळी मी साडेपाचला निघायचं असं ठरलंय. आठवड्यातले तीन दिवस तरी.

आज पहिला बुधवार होता. इथे तारीख लिहून दिलेली असूनही भोंगा वाजल्यावर मी डिपार्टमेंटमध्ये खुर्चीतून उडाले आणि समोरच्या मुलाला तळघर कुठे आहे विचारलं. धडधड थांबल्यावर फोन बघितला. नवऱ्याचा मेसेज आलेला होता : 'एक वाजला. कुकर लावतोय.'