आधी मागचा हिरवा जॅक तपासा

हेडफोनमध्ये खरखर येते म्हणून नवीन साउंड कार्ड घ्यायचं म्हणताय, पण आधी हेडफोन कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमधून काढून कॅबिनेटच्या मागे मदरबोर्डवर (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डवर) असलेल्या हिरव्या जॅकला लावा. पुढच्या जॅकची वायर बऱ्याचदा ग्राफिक्स कार्डाजवळून जाते आणि तिथला विद्युत गोंगाट पकडते. खरखर थांबली तर नवीन साउंड कार्डाची गरजच नाही.

नाही थांबली, तर कॅबिनेटच्या आत बसणाऱ्या स्वस्त पीसीआय-एक्सप्रेस कार्डापेक्षा यूएसबीवरचं बाहेरचं कार्ड घ्या. ते कॅबिनेटमधल्या गोंगाटापासून दूर राहतं आणि उद्या लॅपटॉपलाही चालतं. आवाजाच्या गुणवत्तेसाठी कार्डावर २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ लिहिलेलं असलं की भरपूर झालं. ३२ ओहमच्या (ओहम म्हणजे हेडफोनच्या विद्युत रोधाचं माप) हेडफोनला आवाज वाढवणारा वेगळा अ‍ॅम्प्लिफायर सहसा लागत नाही; २५० ओहमच्या हेडफोनला मात्र आवाज कमी पडू शकतो. अगदी स्वस्त कार्डांवरच्या ‘७.१’ला, म्हणजे आठ स्पीकरच्या सराउंड आवाजाच्या दाव्याला, भुलू नका, एकच हेडफोन जॅक असेल तर बाहेर डावा-उजवा असा स्टिरिओच येतो.