अनुभव लिहा: कमी पगाराची अर्धवेळ नोकरी घ्यावी का?

अबोली
काल मावसबहिणीचा फोन आला. २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपत आलीय आणि ऑफिसने स्वतःहून विचारलंय, रोज पाच तास ये, पगार साठ टक्के. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. नवरा म्हणतो तुझं तू ठरव. सासूबाई म्हणतात एवढ्याशा पगारासाठी कशाला, घरीच थांब. मावशी म्हणते पूर्ण वेळच जा, मी येऊन राहते. बहीण फोनवर रडायलाच लागली. फोन ठेवला आणि मला माझं २०११ साल आठवलं, रात्री झोप येईना.

मी पुण्यात एका छोट्या कंपनीत अकाउंट्सला होते. मुलगा दीड वर्षाचा, थंडी सुरू झाली की बाळदमा. राजीनामा लिहून नेला तर साहेब म्हणाले, दहा ते दोन ये, निम्मा पगार देतो. मी घरी येऊन वही घेऊन बसले आणि दिवसभरात काय काय करते ते लिहून काढलं. बँकेचा ताळमेळ, पेटी कॅश, वसुलीचे फोन, पगारपत्रक, टीडीएस. चार तासांत यातलं काय बसतं? टीडीएस भरायची ७ तारीख काही माझ्या दोन वाजण्यासाठी थांबणार नव्हती. दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर तीच वही ठेवली. म्हटलं, वसुलीचे फोन दुसऱ्या कोणाला द्या, आणि १ ते ७ तारखेत मी संध्याकाळपर्यंत थांबेन, पण त्या दिवसांचे पूर्ण पैसे. ते थोडा वेळ वहीकडे बघत बसले आणि हो म्हणाले. तीन वर्षं तशी नोकरी केली, मग परत पूर्ण वेळ.

बहिणीला एवढंच सांगितलं की पगार किती कमी होणार हे त्यांनी ठरवलंय, काम कोणतं कमी होणार हे तू ठरवून जा. पण माझा अनुभव जुना आणि लहान ऑफिसातला. तुम्ही लिहा, तिला वाचायला देणार आहे.

डोंबिवलीची_मी
घ्यायला सांग!! मी बारा ते पाच करतेय. अकराच्या लोकलला बसायला मिळतं, याची किंमत डोंबिवलीकरच जाणे. पूर्वी घरी आल्यावर तासभर कोणी माझ्याशी बोलायचं नाही, इतकी मी पिळून निघालेली असायचे.
फक्त एक, पगार कमी झाला तरी लोकलचा पास तेवढाच, रिक्षा तेवढीच, पाळणाघरवाल्या काकू पण महिन्याचेच घेतात. तेव्हा हातात किती उरतं ते यातून वजा करून बघ म्हणावं.

रानजाई
"एवढ्याशा पगारासाठी" वाचून रक्त उसळलं. माझं नंतर लिहिते, कुकर लावलाय.

हिशेबनीस
एचआरमध्ये बरीच वर्षं काढली आहेत म्हणून दोन गोष्टी, ज्या सहसा कोणी विचारत नाही.

ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम, शेवटच्या पगारावर निघते. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता (नोव्हेंबर २०२५ पासून बाकीचे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर तो जास्तीचा भागही), गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. समजा मूळ पगार ४०,००० आणि १२ वर्षं नोकरी, तर २ लाख ७७ हजारांच्या आसपास बसते. तीच व्यक्ती साठ टक्के पगारावर आली आणि तिथूनच नोकरी सोडली, तर मूळ पगार २४,००० धरून १ लाख ६६ हजार. पूर्ण वेळ राबलेली सगळी वर्षंसुद्धा कमी पगाराने मोजली जातात! अपंगत्व आल्यामुळे पगार कमी झाला असेल तर कायद्याने आधीचा काळ आधीच्या पगाराने धरतात, पण मूल सांभाळायला अर्धवेळ घेतलं तर ती सवलत नाही. कायद्यापेक्षा जास्त द्यायला मात्र कंपनीला कोणी अडवलेलं नाही. तेव्हा "पूर्ण वेळेच्या काळाची ग्रॅच्युइटी जुन्या पगारावर धरू" असं पत्रातच लिहून मागा. मी स्वतः अशी पत्रं करून दिली आहेत, फार कटकट होत नाही.

दुसरं, करही बघा. नव्या करप्रणालीत २०२५-२६ या वर्षासाठी पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत आयकर लागत नाही. १५ लाख पगाराला साडेसत्त्याण्णव हजार जातात. म्हणजे १५ वरून १२ वर आलात तर कागदावर ३ लाख गेले, खरे गेले २ लाखांच्या थोडे वर. पगार मुळात १२ च्या आत असेल तर हा फायदा नाही, जेवढे कापतील तेवढे गेले.

आणि गटविमा चालू राहतो का ते आधी विचारा. काही ठिकाणी अर्धवेळवाल्यांना त्यातून काढतात. घरात तान्हं मूल असताना हे परवडणारं नाही.

ओवी_प
हिशेबनीस दादा, राजीनामा देऊन नव्याने अर्धवेळ लागलं तर? आमच्याकडे तसं करा म्हणतायत.

हिशेबनीस
ताई, पाच वर्षं पूर्ण असतील तर आधीची ग्रॅच्युइटी जुन्या पगारावर हातात पडते, तो फायदा. पण सेवा तुटते, पुढची पाच वर्षं नव्याने मोजायची. पाच झाली नसतील तर अजिबात राजीनामा देऊ नका. किती झाली आहेत?

ओवी_प
चार आणि काही महिने 😟

हिशेबनीस
मग थांबा. सही करू नका. त्याच नोकरीत तास कमी केल्याचं पत्र मागा.

ओवी_प
खूप खूप आभार. उद्याच सही करणार होते.

सर_पण_तासिकेवरचे
तुमच्या सगळ्यांचं वाचतोय. निवड करता येते हेच मोठं भाग्य आहे हो. आम्ही सीएचबीवाले, म्हणजे कॉलेजात तासिकेवर शिकवणारे. सेट ही प्राध्यापकाची पात्रता परीक्षा झालीय, पीएचडी झालीय, आणि तासाप्रमाणे पैसे. सुट्टीत पगार नाही, दरवर्षी नव्याने मुलाखत, आणि मानधन वेळेवर येईल याची खात्री नाही. कागदावर अर्धवेळ. प्रत्यक्षात पेपर तपासणी, परीक्षेचं काम, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली, सगळ्याला आम्हीच पुढे.
यंदा एका खासगी क्लासने दुप्पट देऊ केले, संध्याकाळचे चार तास. घरचे म्हणतात घे. मला कॉलेजची मुलं सोडवत नाहीत, एम.ए.च्या वर्गात ग्रामीण भागातून आलेली पोरं आहेत, लायब्ररी बंद होईपर्यंत बसतात आणि मग माझ्यामागे बसस्टॉपपर्यंत शंका विचारत येतात. अजून ठरत नाहीये.

रानजाई
सर, तुमचं वाचून गलबललं. माझी वहिनी प्राथमिक आरोग्य केंद्रात अंशकालीन स्त्री परिचर आहे. नावाला अंशकालीन, पण कॅम्प असला की सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मानधन सांगायला लाज तिला नाही, सरकारला वाटायला पाहिजे.

कृष्णाकाठ
पुरुषाचा अनुभव चालेल ना? वडिलांना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. बायकोचा पगार माझ्यापेक्षा जास्त आणि तिची नोकरी पक्की, त्यामुळे तास मी कमी करायचे हे आम्ही दोघांनी एका रात्रीत ठरवलं. सांगलीत चुलते, मामा, शेजारी, सगळ्यांना तोंड द्यावं लागलं. "बायको कमावती म्हणून हा घरी" वगैरे. अण्णांना मात्र मीच लागायचो. फिजिओथेरपिस्ट सकाळी यायचे, पण खरा व्यायाम दुपारी, स्पंजचा चेंडू उजव्या हातात देऊन दाबायला लावायचा. आधी बोटं नुसती चेंडूवर पडून राहायची. पुढे करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट हललं. तिसऱ्या महिन्यात स्वतःच्या हाताने पोहे खाल्ले, निम्मे अंगावर सांडले, पण खाल्ले. आईने दृष्ट काढली.
पगार गेला, बढती हुकली, ती माझ्या ज्युनिअरला मिळाली. ते लागलं मनाला, लागतं अजून. पण परत तशी वेळ आली तर परत तेच करेन.

डोंबिवलीची_मी
दादा 🙏 अण्णा कसे आहेत आता?

कृष्णाकाठ
काठी घेऊन कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत जातात. आणि मला विचारतात, नोकरीवर का जात नाहीस.

निळी_छत्री
मी जर्मनीत, श्टुटगार्टजवळ. इथे अर्धवेळ म्हणजे टाइलत्साइट, आणि आया सर्रास घेतात. पण पूर्वी एकदा तास कमी केले की परत वाढवून मिळतील याची हमी नव्हती. माझ्या विभागातल्या दोन वयस्कर बायका तशाच वर्षानुवर्षं अडकल्या, आता पेन्शन किती कमी बसणार ते मोजतायत. २०१९ पासून कायद्याने पुलासारखी सोय केलीय: ४५ पेक्षा जास्त माणसं असलेल्या कंपनीत सहा महिन्यांहून जास्त नोकरी झाली असेल, तर एक ते पाच वर्षांसाठी तास कमी करून घेता येतात आणि मुदत संपली की जुन्या तासांवर परत. मी दोन वर्षांसाठी घेतलंय. अर्ज तीन महिने आधी, लेखी.
भारतात असा कायदा नसला तरी पत्रात तारीख मागायला काय हरकत आहे? "अमुक तारखेपासून पूर्ण वेळ", एवढं एक वाक्य. बहिणीला हे नक्की सांग अबोली.

अबोली
निळी छत्री, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता तिला फोन करून सांगितलं.

शांतला_ज
मी नाही घेतलं, पूर्ण वेळच गेले. गृहकर्जाचा हप्ता होता, ह्यांची नोकरी कंत्राटी. लोक म्हणायचे मुलीकडे दुर्लक्ष होतं. आई येऊन राहिली म्हणून निभावलं. ज्यांना पैशांची गरज आहे त्यांनी पूर्ण वेळ जाताना मनात काहीही ठेवू नये, एवढंच म्हणते. माझी मुलगी आता बारावीला आहे, छान आहे, माझ्या पाठीला बाम लावून देते.

ओवी_प
शांतलाताई ❤️

रानजाई
आले. कुकर झाला, भाजी झाली, पोरगं झोपलं. माझं असं की तास कमी झाले आणि व्हॉट्सअ‍ॅप वाढलं. दोनला निघायचे, अडीचपासून मेसेज. "जस्ट एक मिनिट." पोराला भरवताना एका हातात फोन. शेवटी टीम लीडला सांगितलं, दोननंतरचं उद्या दहाला बघेन, अगदीच अडलं तर फोन करा. फोन करायची पाळी क्वचितच आली. मेसेज टाकायला काही लागत नाही ना, म्हणून टाकतात.
अबोलीताई, बहिणीच्या ऑफिसात पन्नास किंवा जास्त माणसं आहेत का? असतील तर पाळणाघराची सोय कायद्याने द्यावी लागते, २०१७ च्या दुरुस्तीपासून. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. विचारायला लावा.

अबोली
आहेत, दोनशेच्या आसपास. पाळणाघराचं कोणी कधी बोललंच नाही म्हणाली. विचारते म्हणतेय. आणि उत्तराची मुदत सोमवारपर्यंत वाढवून घेतलीय. पत्राचा मसुदा हिशेबनीस दादांना दाखवला तर चालेल का?

हिशेबनीस
जरूर. नाव आणि कंपनी खोडून पाठवा.

डोंबिवलीची_मी
आणि बाळाला वरचं सुरू केलं का? नाचणी सत्त्व घरी करणार असाल तर नाचणी भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवा. विकतच्यात साखर असते कधीकधी.

शांतला_ज
मोड आणल्यावर मंद आचेवर भाजून दळायची का? आमच्याकडे ओली वाटून दूध गाळून घेतात.

डोंबिवलीची_मी
दोन्ही चालतं ताई. गाळलेलं लहानांना पचायला हलकं. कृती सविस्तर टाकते उद्या, अकराच्या लोकलमधून.