आंब्याची फांदी टाकू नका

विनायक (सेक्रेटरी): कालच्या वाऱ्याने गेटजवळच्या आंब्याची मोठी फांदी पडलीय. 9 वाजता माणूस येऊन तोडून नेईल. गाड्या बाजूला घ्या.

शैला काकी: विनायक, जरा थांब रे. त्या फांदीवर सीतेची वेणी आहे. आत्ताच बघून आले. फुलांचा घोस शाबूत आहे.

मिलिंद: काकी, ते बांडगूळ ना? झाडाचा रस ओढतं म्हणून गेल्या वर्षी गावच्या चिकूवरचं मी उपटून टाकलं.

शैला काकी: बांडगूळ वेगळं, बाबा. ते लाकडात घुसून झाडाचा रस पितं. ही आमरी, म्हणजे ऑर्किड. नुसती सालीला धरून बसते. पाणी पावसाचं नि दवाचं, आणि सालीच्या भेगांत पालापाचोळा कुजतो त्यावर तिचं भागतं. आंब्याचं काही घेत नाही.

खाली जाऊन मुळं बघ. पेन्सिलीएवढी जाड, पांढुरकी. त्यांवर थोडं पाणी टाक, बघता बघता हिरवी होतात. ती पांढरी साल स्पंजसारखी पाणी पिते.

रेश्मा: फुलं काय सुंदर आहेत हो! पांढऱ्यावर जांभळे ठिपके. वेणीच लोंबतेय.

शैला काकी: एका वेणीत शंभराच्या वर फुलं असतात. आपल्याकडे मे-जूनमध्ये येते. आसामात हिला कपौ म्हणतात, बिहूच्या सणाला बायका केसांत माळतात. तिथलं राज्यफूल आहे.

रेश्मा: मी एका जत्रेत असंच रोप घेतलं होतं. विकणाऱ्याने कुंडीत माती भरून लावा म्हणून सांगितलं. पंधरा दिवसांत बुंधा काळा पडून सगळं कुजलं. खूप वाईट वाटलं होतं.

शैला काकी: चूक तुझी नव्हे गं, सांगणाऱ्याची. हिच्या मुळांना वारा लागतो, मातीत ती गुदमरतात.

आपण अशी लावू. फांदीची साल तासून रोप मुळांसकट अलगद सुटं करायचं. तुटलेली, पिचपिचीत मुळं स्वच्छ कात्रीने काढायची. मग त्याच आंब्याच्या बुंध्यावर पूर्वेच्या अंगाला बांधायचं, सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारचं लागणार नाही अशा जागी. फणसही चालतो. पेरू नको, साल सोडतो. तार अजिबात नको, मुळांत रुतते. सुती चिंधी किंवा काथ्याची दोरी घ्या. मुळांच्या बाजूला नारळाच्या सोडणाचा थोडा काथ्या ठेवा, पण रोपाचा बुंधा झाकू नका. मुळांनी साल धरली की दोरी कुजून गेली तरी हरकत नाही.

पावसात काही करावं लागत नाही. फक्त गोगलगायी मुळांची कोवळी टोकं खातात, रात्री टॉर्च घेऊन वेचाव्या लागतात. पाऊस गेला की सकाळी पाणी फवारायचं, उन्हाळ्यात रोज. पानांच्या बेचक्यात मात्र पाणी साचू द्यायचं नाही.

विनायक: काकी, मोलेच्या अभयारण्यात खूप दिसतात. रविवारी जाऊन आणखी चार आणूया का? गेटला शोभा येईल.

शैला काकी: नको रे विनायक, कळकळीने सांगते. अभयारण्यातून झाड उचलणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी नको म्हटलं असतं. हिचं बी धुळीसारखं, आत शिदोरीच नसते. सालीवर योग्य बुरशी भेटली तरच रुजतं, आणि फुलायला पुढे कितीतरी वर्षं जातात. आपल्या दारात वाऱ्याने पडली ती वाचवू, तेवढी पुरे.

विनायक: बरं काकी. माणसाला फोन केला, फांदी संध्याकाळपर्यंत तिथेच राहील. शिडी काढून ठेवू?

शैला काकी: शिडी नको, छातीच्या उंचीवर बांधू. पोरांना वेणी जवळून बघता आली पाहिजे. 5 वाजता खाली या. जुनी सुती साडी माझ्याकडे आहे.

रेश्मा: देव बरें करूं काकी. मी कात्री नि फवारा आणते.

मिलिंद: काथ्याची दोरी माझ्याकडे. आत्ता गावी फोन केला होता. आई म्हणाली, मागच्या फणसावर अजून दोन आहेत. कोणाला हात लावू देऊ नकोस म्हटलं.