समृद्धी महामार्गानं जाता का गावागावानं? आपापले अनुभव टाका

आर्वीचा संत्रावाला
मागच्या रविवारी बाबांना लोणारला नेलं. वय 83, आता किती दिवस नेणं होते काय माहीत. विरूळला समृद्धीवर चढलो, मेहकरला उतरलो, मध्ये एकदाच थांबलो ते पण बाबांना लघवीला. पोरगी मागं मोबाईलवर, बायको झोपलेली, एसी चालू, काटा एकशे दहावर. आणि बाबा दर दहा मिनिटांनी एकच विचारत, "कोणतं गाव आलं रे?" मी बोर्डावरचं इंटरचेंजचं नाव सांगायचो तं ते म्हणत, "ते नाही, आता गेलं ते." मला काय माहीत, गाव पुलाखालून गेलेलं, दिसली फक्त पाण्याची टाकी आन् देवळाचा कळस. मालेगावनंतर त्यांनी विचारणंच सोडून दिलं.

मंग मला 1987 आठवलं. काकाची फियाट, आत आम्ही आठ जण. कौंडण्यपूरला रुक्मिणीच्या माहेरी हात जोडले, कारंज्याला गुरुमंदिरात बाबा तासभर बसले, आन् शेलूबाजारच्या अलीकडं फॅन बेल्ट तुटला. मेकॅनिक गावात एकच, तो साळीच्या लग्नात. काका त्याला आणायला गेले ते तिकडंच पंगतीत बसले, मंग आम्हालाही बोलावणं आलं! कोणाचं लग्न, कोणाची बुंदी. लोणारला पोचलो तं अंधार, सरोवर दिसलंच नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं. खरं सांगू तं सरोवराचं मला काही आठवत नाही, बुंदी आठवते.

तर सुट्टीला गाडी घेऊन निघता तेव्हा तुम्ही कोणता रस्ता धरता? लिहा.

लाल डब्बा
फियाटमध्ये आठ 😂 आमच्या जीपमध्ये चौदा आन् टपावर बकरी

वाशीमची सून
मला कोणी नावं ठेवा पण मी समृद्धीवाली. माहेर शिर्डीजवळ, सासर वाशीम. आधी माहेरी जायचं म्हणजे जालन्यापर्यंत खड्डे मोजत जायचं, धाकट्याला उलट्या, मी पिशव्या धरून. 2022 च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी सुरू झाला तेव्हापासून सकाळी पोळ्या करून निघते आणि दुपारच्या जेवणाला आईजवळ असते. गावं बघायची हौस ज्याच्या मांडीवर पोरगं ओकत नाही त्याला. (भाऊ तुमच्या बाबांचं वाचून मात्र कसंतरी झालं)

टायर मास्तर
सगळ्यांना हात जोडून सांगतो, समृद्धीवर जायच्या आधी टायर पाहा. माझं दुकान आहे, रोज पाहतो. टायर पाच-सहा वर्षांचे झालेले, बाजूनं भेगा, आणि साहेब म्हणतात नक्षी तर आहे ना अजून. अरे बावा, गावच्या रस्त्यावर तुम्ही साठच्या वर जातच नाही, तिथं चालून जाते. एप्रिल-मे मध्ये दुपारी तापलेल्या सिमेंटवर दोन-दोन तास एकशे वीसनं पळवाल तर तेच टायर फुटते. हवा सकाळी टायर थंड असताना भरा, पंपावर पोचेपर्यंत गरम झालं की आकडा खोटा दिसते. आणि हवा कमी ठेवली की टायर थंड राहते हे कोणी सांगितलं तुम्हाला, उलटं आहे, कमी हवेनं ते जास्त तापते. दुसरं म्हणजे झोप. सरळ रस्ता, वळण नाही, समोर बैलगाडी नाही, डोळे उघडे राहून माणूस झोपते. तासा-दीड तासानं उतरा, तोंडावर पाणी मारा.

अकोट फाटा
मास्तर आमच्या बैलगाड्या ब्रेकर म्हणून वापरा 😄

पळसफूल
आमच्याकडं बुलेट, आन् समृद्धीवर दुचाकीला मनाई, त्यामुळं आमचा प्रश्न सरकारनंच सोडवला. आता फेब्रुवारी संपत आला, यवतमाळकडं कोणत्याही आडरस्त्यानं निघा, पळस असा पेटलेला की नवरा दर दोन किलोमीटरला गाडी थांबवून फोटो काढते आन् मी म्हणते चला उन्हं व्हायच्या आत. मागच्या वर्षी एका शेतात रोडगे (कणकेचे जाड गोळे) भाजून राहिले होते, नुसतं पाणी मागितलं तं वांग्याची भाजी, रोडगे, वरून तूप. उठूच देईनात. पैसे देऊ केले तं त्या आजीनं असं पाहिलं ना माह्याकडं, परत कोणाला पैसे विचारायची हिंमत नाही.

पुण्यात अडकलेला
रोडगे 😭 इथं कोणाला माहीत पण नाही. परवा भाजीवाल्याला सांबार मागितला तर म्हणतो हॉटेलात जा.

वाशीमची सून
@पुण्यात अडकलेला कोथिंबीर म्हणायचं हो तिकडं 😂 मी पण नवीन सून असताना सासूबाई म्हणाल्या सांबार आण, मी भांडं घेऊन निघाले शेजारी

गडचिरोली ४००+
तुम्हाला निवडायला दोन रस्ते आहेत ही चैन आहे. आमच्याकडं आलापल्लीहून भामरागड, रस्ता एकच. पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढलं की तो पण नाही. एकदा मित्राला घेऊन गेलो भामरागडला, येताना पाणी चढलं, अडकलो. मित्र नागपूरचा, पहिल्या दिवशी चिडचिड, फोनला रेंज नाही म्हणून. तिसऱ्या दिवशी पोरांसोबत गळ टाकून बसला होता. पाणी उतरलं तर म्हणते उद्या जाऊ.

सेमाडोह रिटर्न
परतवाडा ते धारणी. बस, विषय संपला. घटांगच्या पुढं सागाचं जंगल सुरू होते, वळणावर वळण, आणि एका वळणावर रानगवा असा उभा जसा त्याच्याच बापाचा रस्ता (आहेच म्हणा). मी हॉर्नवर हात नेला, बायकोनं हात धरला. वीस मिनिटं इंजिन बंद करून बसलो, कोणी बोललं नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली, तेवढा वेळ आम्ही भांडल्याशिवाय कारमध्ये कधी बसलो नव्हतो.
पण एक सांगतो, मॅपवाल्या बाईचं ऐकून तिथं शॉर्टकट घेऊ नका. आम्हाला तिनं एका नाल्यात नेऊन "आपण पोहोचला आहात" म्हटलं.

लाल डब्बा
रबडी आणली का चिखलदऱ्याची

सेमाडोह रिटर्न
आणली, अमरावतीपर्यंत पुरली नाही

मूर्तिजापूर एक्सप्रेस
अमरावती-अकोला रस्त्याचं कोणी लिहिलंच नाही. जून 2022 मध्ये 75 किलोमीटर डांबर 105 तास 33 मिनिटांत टाकलं, गिनीजमध्ये नाव गेलं. मी मुद्दाम पोरांना घेऊन पाहायला गेलतो. आणि तिथून आमच्या गावाला वळणारा तीन किलोमीटरचा रस्ता, त्याची गिट्टी पडून दोन दिवाळ्या झाल्या, बकऱ्या चढून खेळतात तिच्यावर. रेकॉर्ड तो पण होईल, उलट्या बाजूनं.

पळसफूल
@मूर्तिजापूर एक्सप्रेस 🤣🤣 गिट्टी तरी पडली तुमच्याकडं

कारंजाची काकू
संत्रावाले भाऊ, विषय सोडून विचारते, तुमच्याकडं मृग बहाराची संत्री निघाली का? एक कॅरेट पाहिजे होतं, पोरीचं डोहाळजेवण आहे पुढच्या रविवारी, तिला तेच खावंसं वाटून राहिलं. इथं बाजारातली बेचव.

आर्वीचा संत्रावाला
निघाली काकू. शनिवारी मेहकरला पाहुण्यांकडं चाललोच आहे, घेऊन येतो. पैशाचं बोलू नका.
बाकी सगळ्यांचं बाबांना वाचून दाखवलं. रोडग्यावर हसले. शेलूबाजारच्या त्या मेकॅनिकचं आडनाव त्यांना अजून पाठ आहे, मला माहीतच नव्हतं.

टायर मास्तर
फॅन बेल्ट एक्स्ट्रा ठेवायचा असते नेहमी

आर्वीचा संत्रावाला
मास्तर 1987 ची गोष्ट आहे ती 😂

कारंजाची काकू
भाऊ समृद्धीनं येत असाल तर मध्येच गाडी उभी करता येत नाही म्हणे, मी इंटरचेंजच्या नाक्याबाहेर उभी राहू का? रिक्षा करावी लागंल.

आर्वीचा संत्रावाला
नका येऊ. बाबा सोबत आहेत, जुन्याच रस्त्यानं येतो, गुरुमंदिरापाशी भेटा. वेळ मात्र विचारू नका.