क्रूझचं ड्रिंक पॅकेज आणि 'सगळं धरून' फेअर घ्यावा का? हिशेब जुळत नाहीये, सल्ला हवाय

पाऊलखुणा:
नमस्कार मंडळी, आमची पहिलीच क्रूझ आहे, सात रात्री, मी, नवरा आणि माझी आई, तिघं एकाच केबिनमध्ये. बुकिंगला बसलो आणि दोन दिवस नुसता गोंधळ चाललाय. एक साधा फेअर आहे, राहणं आणि जेवण. दुसरा माणशी रोज ६० डॉलर जास्त, त्यात ड्रिंक पॅकेज (म्हणजे रोजचे ठरावीक पैसे आधीच भरून हवी तशी ड्रिंक्स घ्यायची), वायफाय आणि रोजच्या टिप्स धरलेल्या. आणि साधा फेअर घेऊन वरून नुसतं ड्रिंक पॅकेज घ्यायचं म्हटलं तर ते माणशी रोज ७५ डॉलर दाखवतंय! नुसतं पॅकेज ७५ ला आणि तेच पॅकेज वायफाय टिप्स सगळं मिळून ६० ला, हे कसं काय? मला काहीतरी दिसत नाहीये असं सारखं वाटतंय.

नवरा संध्याकाळी दोन बिअर, फार तर एखादी व्हिस्की. मी कधीमधी वाईन घेते पण चांगली कॉफी मला लागतेच. आई दारूला शिवत नाही, तिला ज्यूस आणि कॉफी. सातपैकी चार दिवस जहाज बंदरात आहे. ज्यांनी दोन्ही करून बघितलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

लाटांवर:
ताई, आधी फुकट काय मिळतं ते बघा, पहिल्यांदा जाणारे तिथेच चुकतात. बहुतेक सगळ्या मोठ्या जहाजांवर साधं पाणी, चहा, साधी कॉफी, लेमोनेड आणि सकाळी बुफेत ज्यूस हे तिकिटातच असतं. पैसे लागतात ते बारमधल्या सगळ्याला, मशीनच्या कॉफीला म्हणजे लाटे कॅपुचिनो वगैरे, कॅनमधल्या कोल्ड्रिंकला, बाटलीच्या पाण्याला आणि ताज्या काढलेल्या ज्यूसला. आई साध्या कॉफीवर खूश असतील तर त्यांचा खर्च जवळपास शून्य धरा.

आणि मेनूवर दिसते ती किंमत शेवटची नसते, त्यावर १८ ते २० टक्के सर्व्हिस चार्ज आपोआप लागतो. पॅकेजलाही लागतो. तुमचे ते ७५ सर्व्हिस चार्जसकट आहेत की सोडून, ते आधी बघून घ्या.

पाऊलखुणा:
सोडून आहेत, आत्ता बघितलं, खाली अगदी बारीक अक्षरात लिहिलंय. ६० वाल्यात मात्र सगळं धरलंय म्हणे.

हिशेबवही:
मग ७५ चे १८ टक्क्यांनी साडेअठ्ठ्याऐंशी झाले. आता जहाजावरचं एक ड्रिंक सरासरी १३ डॉलर धरू, बिअर त्याहून स्वस्त आणि कॉकटेल महाग, तर चार्जसकट ते १५ च्या थोडं वर जातं. म्हणजे नुसतं पॅकेज वसूल व्हायला एका माणसाने रोज जवळजवळ सहा ड्रिंक्स घ्यायला हवीत, तीही सातही दिवस, बंदरात दिवसभर बाहेर फिरलात तरी. आणि पहिल्या दिवशी तुम्ही चढणारच दुपारी, तरी तो दिवस पूर्ण धरलेला असतो. तुमच्या मिस्टरांची दोन-तीन आहेत, त्यामुळे ७५ वालं पॅकेज तुमच्यासाठी नाहीच, त्यावर विचार करत बसू नका.

आता ६० स्वस्त कसं. सुटं पॅकेज मुद्दाम महाग ठेवतात म्हणजे त्याच्या शेजारी एकत्र फेअर स्वस्त दिसतो, हे एक. दुसरं म्हणजे एकत्र फेअर केबिनमधल्या सगळ्यांना घ्यायला लावतात, त्यात न पिणाऱ्याचेही पैसे येतात, आणि कंपनीला तेच परवडतं. कधी कधी त्यातलं पॅकेज खालच्या प्रतीचंही असतं, म्हणजे अमुक डॉलरपर्यंतचंच ड्रिंक चालेल, वरचा फरक तुम्ही द्या. कंपनीला फोन करून तीन गोष्टी विचारा: आईंनाही तोच फेअर घ्यावा लागेल का, वायफाय किती डिव्हाइसला आहे, आणि एका ड्रिंकची मर्यादा किती. उत्तरं आली की पूर्ण हिशेब मांडून देतो.

निवांत_डेक:
मी थोडं वेगळं सांगते. आम्ही दोघांनी तीनदा पॅकेज घेतलंय आणि चौथ्यांदाही घेऊ. आम्ही खूप पितो असं नाही, पण रोज उठल्यापासून हे घेऊ का नको, याचे किती होतील, असं मनात चालू राहिलं की सुट्टीची मजाच जाते हो. सकाळी डेकवर कॅपुचिनो, उन्हात आलं की ताजा ज्यूस, दुपारी एखादं मॉकटेल, कॉकटेल आवडलं नाही तर अर्धं ठेवून दुसरं मागवायचं, काहीही लिहून ठेवायचं नाही. आमच्या क्रूझला समुद्रातले दिवस जास्त होते हे खरं, सातात पाच सी डे. पैशात बघितलं तर बहुतेक थोडं जास्तच गेलं असेल पण आम्हाला ते चाललं. ज्याला बिलाची धास्ती वाटते त्याने घ्यावंच असं माझं प्रामाणिक मत.

उधाणभरती:
निवांत_डेक, तुमचं पटतं, पण माझ्या बाबतीत अगदी उलट झालं म्हणून लिहितोय. पॅकेज घेतलं आणि तिसऱ्या दिवसापासून माझ्या लक्षात यायला लागलं की मला नको असतानाही मी बारकडे जातोय, कारण पैसे भरलेत, आज फक्त चारच झाली, अजून दोन घ्यायला हवीत. बंदरातून दमून आलो की झोपायच्या ऐवजी बार. शेवटच्या दोन दिवशी डोकं जड, बायकोबरोबर धड बोलणं नाही, एक चांगला सूर्योदय झोपेत गेला. नंतर बसून बघितलं तर पैसे वसूल झाले होते, सुट्टी मात्र गेली होती. ज्यांना बीपीच्या वगैरे गोळ्या चालू आहेत त्यांनी तर वसुलीचा विचार डोक्यात आणूच नये. त्यानंतर मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा पॅकेज न घेता लागेल तसं सुटं घेतलं, बिल पॅकेजच्या निम्म्याच्याही खाली आलं.

नकाशावाला:
कंपनीप्रमाणे नियम इतके बदलतात की 'क्रूझचं पॅकेज' असं एकच काही नसतं. कार्निव्हलच्या चिअर्स पॅकेजमध्ये दारूची १५ ड्रिंक्स ही २४ तासांची मर्यादा आहे आणि दिवस सकाळी ६ ते दुसऱ्या सकाळी ६ असा मोजतात. डिस्नीच्या जहाजांवर अमर्याद दारूचं पॅकेजच नाही, पण कोल्ड्रिंक मशीनवर फुकट असतं. व्हायकिंगच्या समुद्री जहाजांवर दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर बिअर आणि वाईन तिकिटातच येते. रीजंट, सिल्व्हरसी, सीबोर्न अशा महागड्या कंपन्यांत तर ड्रिंक्स मुळातच धरलेली असतात, अर्थात तिकीटही तसंच असतं. एकत्र फेअरही सारखे नसतात, प्रिन्सेसच्या प्लसमध्ये पॅकेज, वायफाय आणि टिप्स, तर हॉलंड अमेरिकाच्या हॅव इट ऑलमध्ये बंदरातल्या सहलींसाठी क्रेडिट आणि स्पेशल रेस्टॉरंटचं जेवण येतं. ज्याची त्याची गरज बघायची.

'फ्री' शब्दापासून जरा जपून. नॉर्वेजियनची फ्री अ‍ॅट सी नावाची ऑफर आहे, पॅकेज फ्री असतं पण त्यावरची ग्रॅच्युइटी म्हणजे टिप तुम्हालाच भरावी लागते. समजा पॅकेजची किंमत रोज १०० धरली आणि २० टक्के लागले, तर माणशी रोज २०, दोघांचे सात दिवसांचे २८० डॉलर झाले. रोज दोन-तीन घेत असाल तर तरीही फायद्याचं आहे, मी वाईट म्हणत नाहीये, फक्त बजेटमध्ये धरा. आणि अशा ऑफर पुष्कळदा केबिनमधल्या पहिल्या दोघांनाच असतात, तिसऱ्याला नाही. पाऊलखुणा, तुम्ही तिघं आहात म्हणून मुद्दाम लिहिलं.

लाटांवर:
हो आणि बऱ्याच कंपन्यांत उलटा नियमही आहे, सुटं पॅकेज एकाने घेतलं की त्या केबिनमधल्या सगळ्या प्रौढांनी घ्यायचं. एकाच्या कार्डावर दोघांनी प्यायचं होऊ नये म्हणून. कोणी गरोदर असेल किंवा औषधामुळे चालत नसेल तर फोन करून सांगितल्यावर न पिणाऱ्याला बिनदारूचं स्वस्त पॅकेज देतात, आमच्या वहिनींना दिलं होतं. पण फोनवर मागावं लागतं, वेबसाइटवर तो पर्याय दिसतच नाही. दोन केबिन असतील तर पिणारे एका केबिनमध्ये बुक करायचे आणि न पिणारे दुसऱ्या, झोपताना कोण कुठे ते घरचं घरी.

पाऊलखुणा:
किती छान माहिती मिळतेय, सगळ्यांचे मनापासून आभार. उधाणभरती दादा, तुमचं वाचून नवराही गप्प बसला, तोच पॅकेज घेऊया म्हणत होता.

फोन केला, ४० मिनिटं होल्डवर होते. तिघांनाही तोच फेअर घ्यावा लागेल, आईसाठी सूट नाही. वायफाय माणशी एका डिव्हाइसला. ड्रिंक १५ डॉलरपर्यंतचं. सुट्या टिप्स माणशी रोज १७ आणि सुटं वायफाय एका डिव्हाइसचं रोज १८. आम्हाला खरं तर एकच डिव्हाइस पुरेल, घरी फोन लावायचा आणि बंदराची माहिती बघायची, बास.

हिशेबवही:
हे उत्तम झालं, आता मांडतो. ६० डॉलर, तीन माणसं, सात दिवस, जास्तीचे एकूण १२६०. यातलं तुम्ही नाहीतरी काय भरणार होतात? टिप्स १७ गुणिले तीन गुणिले सात, ३५७. वायफाय एकच, १२६. मिळून ४८३. म्हणजे ड्रिंक्ससाठी तुम्ही ७७७ डॉलर देताय.

आता सुटं. मिस्टरांची रोज दोन, चार्जसकट सात दिवसांचे साधारण २१५. तुमची वाईन हवी तर रोज धरू, १०० च्या आसपास. तुमच्या दोन आणि आईंची एक अशा तीन मशीन कॉफी रोज, पाच डॉलरची चार्जसकट ५.९०, सात दिवसांचे १२४. वर आयत्या वेळचं काही म्हणून ५०. जेमतेम ४९० होतात आणि हेही मी हात सैल सोडून धरलंय, बंदराच्या दिवशी इतकं होत नाही. सुटं घेतलं तर पावणेतीनशेच्या वर वाचतात.

तुम्ही दोघंच असता आणि दोघांनाही वायफाय हवं असतं तर मी डोळे मिटून ६० वाला घ्या म्हणालो असतो. तेव्हा टिप्स आणि वायफायचेच माणशी ३५ झाले असते, उरलेल्या २५ मध्ये दोन ड्रिंक्सनाही भरून आलं असतं. तिसऱ्या न पिणाऱ्या माणसामुळे गणित फिरलं.

बंदरदिवा:
उशिरा येतोय पण दोन गोष्टी राहिल्यात. सुटं पॅकेज घ्यायचं कधी मनात आलंच तर जहाजावर घेऊ नका, आधी ऑनलाइन घ्या, बहुतेक वेळा स्वस्त पडतं. भाव रोज बदलतात, रॉयल कॅरिबियनच्या क्रूझ प्लॅनरवर, म्हणजे आधी खरेदी करायच्या वेबपेजवर, मी दर आठवड्याला बघायचो, एकदा घेतलेलं रद्द करून उतरलेल्या भावात परत घेतलं, निघायच्या आधीपर्यंत तसं करता येतं.

दुसरं ऑनबोर्ड क्रेडिट, म्हणजे जहाजावर खर्चायला तुमच्या खात्यात मिळणारे पैसे. एजंटकडून बुक करत असाल तर सरळ विचारा की क्रेडिट किती देताय, बरेच जण देतात, मागितलं तरच देतात. त्यातलं काही परत न मिळणारं असतं, शेवटच्या रात्रीपर्यंत वापरलं नाही तर गेलं. टिप्सला नाहीतर बारच्या बिलाला लावून टाकायचं. तुमच्या केसमध्ये १०० डॉलर क्रेडिट मिळालं तर मिस्टरांच्या निम्म्या बिअर त्यातच.

निवांत_डेक:
हा हिशेब बघून तुमच्यासाठी मीही सुटंच म्हणेन. फक्त रोज रात्री अ‍ॅपवर नाहीतर टीव्हीवर बिल बघत जा म्हणजे शेवटी धक्का नको.

पाऊलखुणा:
साधा फेअर बुक केला! एजंटला बंदरदिवा म्हणाले तसं विचारलं तर आधी नाही म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच फोन करून ७५ डॉलर क्रेडिट देतो म्हणाला. ते टिप्सला लावणार. एक शेवटचं विचारते, वाईनची बाटली आपली नेता येते असं कुठेतरी वाचलं, खरं का? आणि आईच्या कॉफीसाठी काही स्वस्त सोय असते का?

लाटांवर:
बऱ्याच कंपन्या चढताना माणशी एक ७५० मिलीची वाईन नेऊ देतात, तुमच्या कंपनीचा नियम बघून घ्या. नेलीत तर हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या सामानात टाकलीत तर काढून ठेवतात. केबिनमध्ये प्यायची तर बहुतेक ठिकाणी काही नाही, जेवणाच्या टेबलावर नेली तर कॉर्केज म्हणजे बाहेरची बाटली उघडून देण्याचे पैसे लागतात. कॉफीसाठी काही जहाजांवर ठरावीक कपांचं कार्ड मिळतं, सुट्यापेक्षा स्वस्त असतं, पहिल्याच दिवशी कॅफेच्या काउंटरवर विचारा. एका कार्डावर तुम्ही दोघी घेऊ शकता का तेही तिथेच विचारून घ्या, आम्हाला दिलं होतं.